निधान

सदरा काढायला खुंटीकडे हात नेला
आणि खांद्यात कुणी मोळा ठोकला.
नुसता सदरा.
आदल्या संध्याकाळी याच हातानं
नव्वद किलो छातीवरून वर ढकलले होते,
अनगोळच्या जिमात, पोरांच्या देखत.

बायको म्हणाली, खुंटी खाली मारू काय?
मी म्हणालो, नको.

सतरा दिवस नको म्हणण्यात गेले.
उद्यमबागेत लेथचं चाक डाव्या हातानं फिरवलं.
रात्री उजव्या कुशीवर वळलो की तीनला जाग,
बाहेर गोव्याकडे निघालेल्या ट्रकांची घरघर,
आत माझी.
बाम चोळला. लसणीचं तेल जिरवलं.
आणि सोमवारी छाती, गुरुवारी पुन्हा छाती,
कारण अंग तापलं की दुखणं जरा गप्प बसायचं
आणि ते गप्प बसणं मला बरं होणं वाटायचं.

टिळकवाडीत डॉक्टर भुवनेश्वरी हुक्केरी.
मूळ चिकोडीकडची, माझ्या लेकीएवढी,
मराठी बोलते ओल्या फरशीवरून चालल्यासारखी.
हात धरून बाजूनं वर नेला.
अर्ध्यावर मी दात खाल्ले, आणखी वर गेल्यावर सोडले.
मग तिनं बशीत लिंबू ठेवलं.
हा तुमचा खांदा. गोळा मोठा, बशी उथळ.
बशी कलती केली. लिंबू घरंगळत माझ्या मांडीवर.
म्हणाली, चार बारके स्नायू याला धरून बसतात.
त्यांचं नाव तरी कधी काढलं?

आठवड्यात ढकलता किती? ओढता किती?
ढकलणं मोजताना दोन्ही हातांची बोटं संपली.
ओढण्याला एक करंगळी.
मी म्हणालो, मॅडम, आरशात पाठ दिसत नाही हो.
ती हसली. मग म्हणाली, निधान.
मी विचारलं, हो, काय निदान?
निधान, ती पुन्हा म्हणाली.
आम्ही दोघं थोडा वेळ एकाच शब्दाच्या
दोन दारांत उभे.

कानडीत निधान म्हणजे हळू.
हे मला ठाऊक होतं. चाळीस वर्षं बसचे कंडक्टर
हेच सांगत आलेत उतरताना.

आता खिडकीच्या गजाला सायकलची जुनी ट्यूब.
काखेत पंच्याची घडी, कोपर बरगडीला,
पंजा बाहेर, दार किलकिलं केल्यासारखा.
पंधरा वेळा. घाम नाही, आवाज नाही,
कुणी बघावं असं काहीच नाही.
तालमीतले भावकू वस्ताद दारातून म्हणाले,
काय करूलालास रे? ताक घुसळूलालास?
मग स्वतःच बसले पायरीवर:
आम्ही विहिरीचं पाणी ओढून ओढून मोठे झालो.
पाठ कुणी वेगळी शिकवली नाही.

नुसत्या दांड्यापासून सुरुवात केली.
पाती मागं, थोडी खाली, बाकड्याला चिकटलेली.
कोपरं पंखासारखी फाकायची नाहीत.
एकदा ढकललं की दोनदा ओढायचं,
आणि कळ आली तर थांबायचं,
जे वजनापेक्षा जड.

काल ओमाण्णा हलगेकर, वय एकोणीस,
न तापवलेल्या अंगानं थेट शंभराखाली आडवा झाला.
दांडा उचलताना उजवा खांदा
कानाकडे पळाला.
मी म्हणालो, निधान.
तो म्हणाला, निदान काय काका, निदान दोन तरी मारतो!
मारले त्यानं दोन.
मी दांड्याखाली हात धरून उभा होतो
आणि काहीच बोललो नाही.
नंतर बाहेर चपला घालताना
तो खांदा चोळत होता, मी बघत नाही असं समजून.
ट्यूबचा दुसरा तुकडा पिशवीत होता.
दिला.

सदरा आता उजव्या हातानं काढतो, बहुतेक दिवस.
खाली एक दुसरी खुंटी आहे.
कधी मारली, मी विचारलेलं नाही.
ढगाळ दिवशी
तीच बरी पडते.